बुडालेल्या इंजिनाचा उपाय

"आधी फोटो काढ रे, मगे बोल्ट काढतंय."

इंजिनाला हात लावण्यापूर्वी माझा शेजारी हे म्हणायचाच. काळे हात चड्डीला पुसायचे, दोन पावलं मागे सरायचं आणि होडीवाल्याला पुढे करायचं. गिऱ्हाईक बावचळून खिशात मोबाइल शोधायचं. झाकण निघालं की एक फोटो, कार्बोरेटर सुटला की दुसरा. "उद्या समुद्रात बंद पडला तर माका खंय शोधतलंस? फोटो बघ आनी तूच कर."

आता तुम्हीच सांगा, असा कुणी धंदा करतो का?

देवबागच्या रस्त्याला होडीची इंजिनं दुरुस्त करायची माझी शेड आधीपासूनची. हा गोव्यात गाड्यांच्या गॅरेजात वीस-बावीस वर्षं काढून वडिलांच्या घरी परतला आणि माझ्यापासून तीन माड सोडून पत्रे ठोकून बसला. पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यायला आला, तोही बायकोने केलेला केक घेऊन. केक चांगला होता. तेवढ्यासाठीही मला त्याचा राग आला.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. नवीन बेअरिंग बसवण्याआधी त्यावरचा नंबर कानशीने घासून टाकायचा. म्हणजे होडीवाला परस्पर दुकानात जाऊन तसलंच आणू शकत नाही, त्याला पुन्हा आपल्याकडेच यावं लागतं. माझे उस्ताद तर वेष्टनाचा कागदसुद्धा घरी नेऊन चुलीत घालत. मी कार्बोरेटर लावायच्या वेळी गिऱ्हाइकाला चहाला पिटाळत असे. हा मात्र प्रत्येक नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवी. कुणी हटकलं की म्हणे, "दडवन काय म्हातारपणाक खातलंय?"

मग त्याने मोबाइलवर ग्रुप काढला. सुरुवातीला देवबाग-तारकर्लीचे दहा-बारा होडीवाले होते. पुढे देवगडचे आले, वेंगुर्ल्याचे आले, कारवारचे आले, थेट केरळचेही आले. कुणी बिघडलेल्या इंजिनाचा आवाज पाठवायचा आणि शंभर कोसांवरचा कुणीतरी तो ऐकून दुखणं सांगायचा. एका जुन्या इंजिनाच्या पंख्याचं बुश बाजारात मिळेनासं झालं होतं. ह्याने वहीच्या पानावर मापं घालून चित्र काढलं आणि ग्रुपवर टाकलं. कारवारच्या एकाने माप सुधारलं, कोल्हापूरच्या लेथवाल्याने ते करून विकायला काढलं. किनाऱ्यावरचे सुट्या भागांचे दुकानदारही आता ग्रुपवर विचारूनच माल भरू लागले. चित्र ह्याचं, धंदा दुसऱ्याचा. मी मनात म्हटलं, बसा आता टाळ्या वाजवत.

पण झालं उलटंच. किरकोळ कामं लोक फोटो बघून घरी करू लागले खरे, पण अवघड काम आलं की देवगडहून टेम्पोत इंजिन घालून ह्याच्याच दारात यायचे. जो सगळं सांगतो तो फसवणार नाही, असा त्यांचा हिशेब. माझ्या शेडीवरून टेम्पो जायचे. ड्रायव्हर मला हात करून पुढे जायचे, ते तर फारच झोंबायचं.

मी जळत होतो. उगाच दुसरा शब्द कशाला शोधू? पान्हा हातात असला तरी कान त्याच्या शेडीकडे लागलेला असायचा. बायको म्हणायची, "तुमी थंयच जावन बसा बघू, कानाक तरी विश्रांती मिळात."

माझ्याकडे मात्र एक पत्ता उरला होता. होडी उलटून इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं की ते जिवंत करावं तर मीच, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. उपाय साधा आहे. बाहेर काढलेलं इंजिन वाळू द्यायचं नाही. वारा लागला की गंज धरतो, म्हणून उघडायला घेईपर्यंत ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं. माझं पिंप ताडपत्रीआड असे. गाड्यांच्या गॅरेजात वाढलेल्या त्याला हे कुठून माहीत असणार?

एके दिवशी तो सरळ येऊन बाकावर बसला. "मेस्त्री, बुडालेला इंजिन तुमी कसा वाचवतास? माका शिकवा."

असं तोंडावर कुणी विचारतं? मला अनुभव, नशीब असं काहीही सांगून टाळता आलं असतं. मी म्हणालो, "उन्हात ठेव. दोन दिवस खडखडीत सुकव, मग उघड."

तो मान डोलावत गेला. संध्याकाळी त्याचा आवाज सगळ्या ग्रुपवर होता: "हो उपाय आमच्या शेजारच्या मेस्त्रींचो. ह्या कामात तेंचो हात कोण धरूचो नाय." माझी बायको ते कौतुकाने तीनदा ऐकत बसली. मला जेवण गेलं नाही. आणि तरी मी उठून तीन माड ओलांडले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी केरळच्या एका मेकॅनिकने लिहिलं की हे साफ चूक आहे, सुकवलं तर इंजिन मेलंच. त्याने गोड्या पाण्याचा उपाय फोटोंसकट घातला. तासाभरात तो सगळ्यांचा झाला.

शेजारी माझ्याकडे आला तेव्हा मी भांडणाच्या तयारीनेच उभा होतो. तो बाकावर बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "मेस्त्री, मियाच घायघायत उलटा सांगलंय. तुमी बरोबर सांगितलेलास. तसा लिवलंय मी ग्रुपवर. चूक माझी."

त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. खरं बोलायला तो एक क्षण पुरला असता.

"असेल," मी म्हणालो.

तो हसला आणि बेअरिंग ओढून काढायचा माझा पुलर मागून घेऊन गेला. त्यानंतरही तो तसाच वागला, तोच केक नाताळाला, तीच हाक. मी मात्र त्याच्यावर आणखीच चिडून राहिलो. त्याने एकदा तरी शिवी द्यायला हवी होती.

गेल्या फेब्रुवारीत तो काम करता करता शेडीतच कोसळला. हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही.

चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. त्याला कधी न भेटलेली माणसं मोटरसायकली मारत आली होती. मी दाराशी उभा राहून गर्दी बघत होतो आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या मयताला ह्यातले किती येतील हाच विचार माझ्या मनात होता.

वेंगुर्ल्याकडचा एक पागी, जाळं टाकून मासे धरणारा, पुढे आला. माझं नाव विचारून त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमचा नाव तो लय घेय. माझा इंजिन सुकवन फुकट गेला मा, तेव्हा तो सोता इलो. सांगल्यान, माझ्या चुकीन गेला, आनी आपल्या होडयेचा इंजिन काढून माका दिल्यान. मिया नको म्हणत होतंय."

मला माझ्या शेजाऱ्याची होडी आठवली. त्या वर्षी ती सबंध मोसम वाळूत पालथी पडून होती. "हल्ली मासोच नाय," असं तो सांगायचा, आणि येता-जाता ती होडी बघून मला बरं वाटायचं.

पागी अजून माझा हात धरून होता. मी म्हणालो, "तेची चूक नाय. सुकव म्हणान मियाच सांगलंय. मुद्दाम."

आत प्रार्थना चालली होती. त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"तेका ठावक होता?"

"होता," मी म्हणालो.

त्याने माझा हात सोडला. तो गर्दीतून वाट काढत शवपेटीजवळ गेला आणि तिच्यावर तळवा टेकून उभा राहिला. त्याच्या शेजारी आणखी एका माणसापुरती जागा होती. शेवटचं गाणं संपेपर्यंत ती रिकामीच राहिली.