दुसरा ब्रेक

काका सकाळचा चहा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून प्यायचे, आणि पिताना त्यांचा उजवा पाय मधूनमधून जमिनीवर दाबला जायचा. खालच्या वळणावर एखादी गाडी जरा जोरात आली की चवडा खाली. गाडी सुखरूप वळली की पाय सैल. हे त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. काकूंना होतं. तिथली फरशी पुसताना त्या म्हणायच्या, "अख्ख्या गावाच्या गाड्या आमच्या स्वयंपाकघरातून थांबतात."

काका गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं चुकलं की त्यांनी तो दाबायचा. काकांचा पाय चूक होण्याआधीच पोचायचा. त्यांच्याकडे शिकताना कुणी साधा खांबही घासला नाही. मात्र परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा एकटे निघालेले निम्मे लोक भर चौकात रडकुंडीला येत, कारण गाडी आपली आपण थांबत नाही हे त्यांना तेव्हा कळायचं. गावात त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, त्यांच्याकडेच शिकायला बसली. तिच्या वेळी तर पाय ब्रेकवरून उठायलाच तयार नसे. एका दुपारी बाजाराच्या रस्त्यावर तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढून काकांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तुम्हीच चालवताय, मग मी कशाला बसू?" आणि चालत घरी आली. भांडण असं झालं नाही. पुढे तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तिथे एका मैत्रिणीच्या गाडीवर ती शिकली, आणि तिचं घरी येणं कमी होत होत बंद पडायला आलं. फोन आला की काका विचारायचे, "पेट्रोल काय भाव आहे तिकडे?" ती भाव सांगायची आणि म्हणायची, "आईला द्या." त्यांना विचारायचं असायचं ते एवढंच, की कधी येतेस. तेवढं तोंडातून निघायचं नाही.

मग ताईने बोट घेतली. हवा भरायची, पिवळी, दोन माणसांची, सवलतीत मिळालेली. सुटीच्या दिवशी ती तिच्यातून नदीत उतरायची. नदी उथळ, फार तर कमरेएवढी. पण मध्येमध्ये दगडांतून खळाळत उतरणारी.

"हवेची बोट? दगडांतून?" काका म्हणाले.

"जाऊन बघा की," काकू म्हणाल्या. "ती येत नाही, तर तुम्ही जा. तेवढेच पाय मोकळे होतील."

त्यांनी मला बरोबर घेतलं. एकट्याने जायला कारण सुचलं नसावं.

आम्ही नदीवर पोचलो तेव्हा ताई पायपंपाने हवा भरत होती. आम्हाला बघून तिने नुसत्या भुवया वर केल्या. "आण इकडे, पायाचं काम मला जमतं," म्हणत काकांनी पंप घेतला. बोट टम्म फुगल्यावर तिने विचारलं, "बसणार?"

"वल्हवणार कोण?"

"मी."

ते बोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसतो."

"बूट काढा."

"अनवाणी माणसाने गाडीत बसू नये."

"बाबा, ही गाडी नाही."

"पट्टा तर बांधतेयस," काका म्हणाले. ती त्यांच्या तरंगत्या जाकिटाचा पट्टा आवळत होती. बूट राहिले.

"तळ दगडाला घासायला लागला की बूड उचलायचं. भार हलका झाला की बोट वरून सरकते. बाकी काही करायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही."

"बूड उचलायचं," काका मला म्हणाले. "ही हिची विद्या."

मी पिशव्या घेऊन काठाने चालत राहिले. पहिला उतार सहज गेला. दुसऱ्यात पाण्याखाली एक चपटा दगड होता. ताई ओरडली, "उचला!" आणि काकांनी पाय दाबला. सगळा भार बुटाच्या टाचेवर, टाचेखाली पातळ तळ, तळाखाली दगड. फाटल्याचा आवाज काही आला नाही. बोट मध्येच बसली, जागच्या जागी गर्रकन फिरली, आणि दोघं टबात बसावं तशी पाण्यात बसून राहिली. कडांतली हवा वेगळ्या कप्प्यात होती, म्हणून बुडाली नाहीत. ताई खाली उतरली आणि तिने दोरी धरून बोट काकांसकट काठाला ओढली.

काका भिजल्या कपड्यांनी उभेच राहिले. ती आता पुन्हा बोटीत बसवणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"लागलं कुठे?" ताईने विचारलं.

"नाही. पाय कधी गेला ते कळलंच नाही मला."

"मला कळलं. पुष्कळ दिवस शेजारी बसलेय."

तिने फाटलेली जागा पुसली, ठिगळ लावलं. ते वाळेपर्यंत कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. काकांनी बूट काढून पाणी ओतलं, मग ठिगळावर अंगठा दाबून बसले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तू बघतेस तरी कुठे? मला सगळीकडे दगडच दिसत होते."

"दगडाकडे बघायचंच नाही. जायचं जिथून, तिथे बघायचं. दोन दगडांमधून पाणी गुळगुळीत जातं ना, ती वाट."

"हे तर मी शिकवतो."

"हो. तुमच्याकडूनच शिकले. तेवढं करू दिलं नाहीत."

काकांनी अंगठा हलवला नाही.

"वाळल्यावर परत नेशील?" त्यांनी विचारलं. त्यांना कुणाकडे काही मागताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

"आणि पाय?"

"बघतो काहीतरी."

उन्हं उतरताना ते अनवाणी बोटीत बसले. जेवायला बसावं तशी मांडी घातली, आणि दोन्ही पाय मांड्यांखाली घट्ट खुपसले.

"अशाने बूड कसं उचलणार?"

"हातांवर."

चपटा दगड आला. "उचला!" खालून कुणी टोचल्यासारखे काका दोन्ही कडांवर हात रोवून वर उठले, मांडीसकट. बोट खरखरत वरून सरकली आणि खालच्या संथ पाण्यात गेली. त्यांचे ओठ मिटलेले होते. ताई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पुढे बघत होती.

त्यानंतरच्या फोनवर "आईला द्या"च्या आधी तिने विचारलं, "येताय ना?" ते जात राहिले. हळूहळू तीही घरी येऊ लागली, बोट घेऊन, मुक्कामाला. शिकाऊ गाडीत मात्र काकांचा पाय होता तिथेच होता. तिथे माणूस बदलला वगैरे काही झालं नाही.

थंडीच्या दिवसांत काका गेले. हृदयाचा झटका, घरीच. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नदीवर. पाणी उतरलं होतं. "दोघं बसलो तर तळ टेकेल," ताई म्हणाली. म्हणजे एकटीनेच जायचं. आणि पुढे नदी टेकडीमागून जाते, रस्त्यावरून दिसत नाही. ताई वल्हं हातात धरून थांबली होती. काकांनी वाकून पाणी पाहिलं, टेकडी पाहिली. मग तिच्या जाकिटाच्या पट्ट्याकडे गेलेला हात मागे घेतला आणि पिशव्या उचलल्या.

"जा तू. आम्ही रस्त्याने येतो पुलापाशी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि भाजीचा डबा कुठल्या पिशवीत आहे गं? सरळ धरायला हवा, मागच्या वेळी सगळं तेल सांडलं."