चुलीवरच्या फळीवर ठेवलेलं सामान

पुण्यातलं रेडिओदुरुस्तीच्या दुकानातलं काम सोडून मी माले गावी परत आलो ते आईसाठी. वडील गेले होते, घरात ती एकटी, आणि गाव सोडायचं नाव काढलं की ती उठून गोठ्यात जायची. घरी बसून रेडिओ दुरुस्त करायचे; जमलं तर तिच्याजवळ राहायचं, नाही जमलं तर पुन्हा पुणं गाठायचं. आसपासच्या गावांत बॅटरीवर चालणारे रेडिओ नुकते येऊ लागले होते, तेव्हा आशा होती.

माझा जीव खाल्ला तो सुट्या भागांनी. लष्करी भंगारातून आणलेले रेझिस्टन्स, कंडेन्सर, सगळे भुईमुगाच्या शेंगेएवढे, नाहीतर त्याहून बारीक. रिकाम्या काडेपेट्या खळीने एकमेकींना चिकटवून मी त्यांचे खण केले. रेझिस्टन्सवरच्या रंगांवरून त्याचं माप ओळखायचं आणि ज्याचा तो त्याच्या खणात टाकायचा. उन्हाळाभर ते खण इतके देखणे दिसले की मला वाटलं, बसलं आपलं बस्तान.

मग आमच्याकडचा पाऊस लागला. भिंतींना ओल, अंथरुणाला ओल, मिठाचं पाणी. खळ सुटली, काडेपेट्यांना बुरशी चढली, तारांची टोकं हिरवी पडली. मी सगळं काढून पुसायचो, पुन्हा लावायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चीड पावसाची, पण खेकसायचो आईवर.

एकदा रेडिओचे व्हॉल्व्ह आणायला पुण्याला गेलो आणि रस्ता बंद झाल्यामुळे तिकडेच अडकलो. परत येऊन पाहतो तर खणांची जागा मोकळी.

"आये, माझं सामान कुटं हाय?"

"वर ठेवलंय, बियाण्यापाशी. भोपळ्याचं बी सारा पावसाळा ऱ्हातं तितं, मग तुझं का न्हाई ऱ्हानार? खोकी पार कुजली हुती, ती टाकली."

आमच्याकडे घरोघरी चुलीच्या वर फळी टांगलेली असते. धुरात बियाण्याला ओल लागत नाही, कीड लागत नाही. आई खुशीत होती. खूप दिवसांनी.

मी टोपली खाली काढली. पाणी आत जाऊ नये म्हणून कंडेन्सरवर मेण चढवलेलं असतं. ते सगळं वितळून खाली उतरलं होतं आणि थिजलं होतं. काकवीत पडलेल्या शेंगदाण्यांसारखा एकच गोळा, वर काजळीचा थर. नखाने खरवडलं तर रेझिस्टन्सवरचा रंगही सुटून आला; आता कुठला कितीचा, ते कळायची सोय नव्हती.

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिने एक तुकडा उचलला आणि पदराने पुसू लागली.

"निगंल का रं?"

"न्हाई."

तिने पुसणं थांबवलं नाही.

ज्यांचे रेडिओ माझ्याकडे उघडून पडले होते ते एकेक करून घेऊन गेले. नवं सामान आणायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर उमेदही नव्हती. पुण्याच्या दुकानदाराने मला परत ठेवून घेतलं.

निघायच्या सकाळी आईने भाकरी बांधून दिली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"तू हितं ऱ्हावास म्हनूनच ठेवलं हुतं रं वर."

ते मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर निदान तिच्यावर रागावून तरी निघालो असतो.