जीपचा विमा आणि उस्तादांचा पाय

मलकापूरच्या कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी आलो, तेव्हा आमच्या खळ्यात एक जीप उभी होती. लष्कराच्या लिलावातली. बाबांनी आणि मामांनी मिळून ती घेतली होती. आमचं गाव मोताळ्याजवळचं. वांगी-मेथी बैलगाडीनं मलकापूरच्या बाजारात पोचेपर्यंत मालाचा चेहरा उतरून जायचा. जीपनं तो ताजा पोचणार होता. अडचण एवढीच होती, की जीप आमच्यापैकी कुणालाच चालवता येत नव्हती. लिलावातून ती आणणारा ड्रायव्हर ती खळ्यात उभी करून, चहा पिऊन, एसटीनं परत गेला होता.

"ड्रायव्हर ठेवला तं त्याचा पगार द्या लागीन," बाबा म्हणाले. "मंग तुही फी कुठून काढू? तू शिक. सकाळी माल बी जाईन अन् तू बी कॉलेजात जाशीन."

म्हणजे गाडी शिकलो तर कॉलेज, नाहीतर वांग्यांचे वाफे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एका वर्षात उतरायची माझी तयारी नव्हती. मी हो म्हणालो. सायकलसुद्धा मी उतारावर हातात धरून नेतो, हे मात्र सांगितलं नाही.

विम्याशिवाय जीप रस्त्यावर काढता येणार नव्हती, म्हणून मलकापूरहून एजंट आले. पांढरा शर्ट, पायात बूट, आणि बोलणं अगदी पुस्तकातलं. ते म्हणाले, "शिकाऊ मुलगा चालवणार असेल तर हप्ता जास्त पडेल."

मामांनी लगेच बाबांकडं पाहिलं. "एवढा हप्ता असन तं इकून टाकू भाऊजी. लोखंडाच्या भावात तरी जाईन."

"कमी करता येतो ना," एजंट घाईनं म्हणाले. "मुलानं चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि पक्का परवाना आणावा. गाडी झाडाखाली न ठेवता बंद जागेत ठेवा. आणि वर्षभरात तुम्ही काही भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी सूट मिळते."

बाबांनी विचार केला. "मंजे आपल्याले काही झालं नाही तं कंपनी खूश?"

"हो."

"अन् झालं तं?"

"भरपाई देते ना."

"नाराज होऊन?"

"थोडी," एजंटांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

हे बाबांना पटलं. आता उरला भाव. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, एजंटांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांचा हात धरला. आमच्याकडं बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं कुणी आकडा बोलत नाही. दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा आणि बोटं दाबूनच उत्तर द्यायचं. एजंटांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते दगडासारखे बसून राहिले. बाबा बोटं दाबत होते, थांबत होते, पुन्हा दाबत होते. शेवटी एजंट माझ्या कानाशी वाकले. "तुमच्या वडिलांना बरं वाटत नाही का?"

मी कसंबसं समजावलं. ते म्हणाले, "अहो, पण कंपनीचे दर छापलेले असतात."

"छापेल भाव?" बाबा थक्क झाले. "मंग तुम्ही इतक्या लांब आले काऊन?"

तरी जाताना एजंटांनी सांगितलं, की मुलगा तयार झाला की बोलवा, मी गाडी आणि जागा पाहून जाईन.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी जीपसाठी गोठ्यासारखा कोठा बांधायला घेतला. भिंतींना कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड, वर शेणामातीचा लेप, डोक्यावर टिनं. बाबा मला घेऊन मलकापूरला शाळा निवडायला निघाले.

मलकापुरात तेव्हा दोन ड्रायव्हिंग स्कूल होत्या. स्टेशनाजवळच्या शाळेला रंगीत पाटी होती, खुर्च्या होत्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता होता. मी त्या तक्त्याकडं ओढला गेलो. मला जे छापलेलं असतं ते शिकता येतं, असा माझा तेव्हा समज होता. पण बाबांची रीत वेगळी होती. बैल घेताना विकणाऱ्याचं ऐकायचं नाही, त्यानं आधी विकलेला बैल कुठं जुंपलाय तो पाहायचा. त्यांनी तिथल्या मास्तरांना विचारलं, "तुमी शिकवेल एखादा पोरगा दाखवा."

"आमची मुलं मुंबई-नागपूरला आहेत," मास्तर अभिमानानं म्हणाले.

"इथं एकबी नाही राह्यला?" बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी निमूटपणे बाहेर पडलो.

दुसरी शाळा कापसाच्या जिनिंगच्या मागं होती. शाळा म्हणजे एक लिंबाचं झाड, एक बाज आणि एक जुनी मोटार. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणत. पूर्वी त्यांनी ट्रक चालवला होता. बाबांचा प्रश्न ऐकल्यावर त्यांनी मोटारीत बसलेल्या पोराकडं बोट दाखवलं. "हा पाह्या. परवाच आला. बसा मागं."

उस्तादांनी दिलेला चहाचा ग्लास हातात घेऊनच बाबा बसले, मीही बसलो. उस्ताद त्या पोराच्या शेजारी बसले, पायावर बारदान ओढून घेतलं आणि तंबाखू मळू लागले. मोटार बाजाराच्या रस्त्यानं निघाली. एक कोंबडी आडवी आली. मोटार तिच्याआधी अलगद थांबली. हमालाची हातगाडी आली, थांबली. रेल्वे फाटकाशी तर अशी थांबली, की बाबांच्या हातातला चहाचा ग्लाससुद्धा हलला नाही.

"परवा आला?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"हाव."

बाबांनी तिथंच दुपट्टा काढला. उस्तादांनी सवयीनं हात पुढं केला. दोघांची बोटं दुपट्ट्याखाली थोडा वेळ झगडली आणि माझा प्रवेश झाला.

त्यानंतर मामांच्या एका नातेवाइकाकडं राहून मी रोज सकाळी शिकायला जाऊ लागलो. शिकाऊ परवाना निघाला, मोटारीच्या पुढंमागं लाल अक्षराची पाटी लागली. आणि माझं मलाच नवल वाटू लागलं. मला गाडी येत होती! बकरी दिसायचा अवकाश, मोटार थांबायची. मी ब्रेककडं पाय नेतोय तोवर ती थांबलेली असायची. एकदा मी उस्तादांकडं वळून पाहिलं, तर ते डाफरले, "समोर पाह्य बे! माह्या पायात रस्ता हाय का?"

मी समोर पाहिलं. कॉलेजात कुणी मला हुशार म्हटलं नव्हतं. पण इथं काहीतरी उपजत आहे, असं मी मनाशी धरलं आणि संकोचत का होईना, घरी तसं सांगितलंसुद्धा.

मग एजंट यायचा दिवस आला. नवा कोठा पाहून ते खूश झाले. "छान. आता गाडी आत लावून दाखवा." खळं आमचंच, रस्ता नव्हे, म्हणून मी एकटाच जीपमध्ये बसलो. शेजारची सीट रिकामी होती, तिकडं माझं लक्षही गेलं नाही. जीप सुरू झाली, कोठ्यात शिरली. मी ब्रेककडं पाय न्यायला सुरुवात केली आणि सवयीप्रमाणं ती थांबायची वाट पाहिली.

ती थांबली नाही. समोरचा कूड मला आधी मोठा होताना दिसला, मग दिसायचाच बंद झाला. विम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून बांधलेल्या कोठ्यात मी पुढून शिरलो आणि मागून निघालो. जीप भेंडीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. माझ्या मांडीवर सकाळीच दिलेला शेणामातीचा लेप पडला होता, अजून ओलाच.

मामा धावत आले. "अबे, दार इकून होतं!"

 बाबा माझ्याकडं नव्हे, जीपकडं पाहत होते. ती आता लोखंडाच्या भावात जाताना मला स्पष्ट दिसली, आणि तिच्यामागं माझं कॉलेजही. एजंट वाफ्याच्या कडेनं बूट सांभाळत आले.

"लागलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "साहेब, आता हप्ता वाढेल का?"

त्यांनी कोठ्याच्या भोकातून पलीकडं पाहिलं. "अजून विमाच उतरवलेला नाही. त्यामुळं कंपनीच्या दृष्टीनं हे झालेलंच नाही." मग बूट झटकत म्हणाले, "पण पक्का परवाना घेतल्याशिवाय मला बोलावू नका."

बाबांचा चेहरा तेवढ्यानं उजळला. "आयकलं का? काहीच झालं नाही!" आणि ते झालेलंच नसलेल्या कोठ्याच्या पऱ्हाट्या गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी मी उस्तादांना घडलेलं सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले आणि त्यांनी पायावरचं बारदान उचललं. खाली त्यांच्या बाजूला दुसरा ब्रेक होता, दुसरा क्लचही.

"हे नसतं तं मलकापुरात एक कोंबडी जित्ती राह्यली नसती," ते म्हणाले.

मी मोटारीत बसून स्टिअरिंग धरलं. मोठ्या माणसाला काही सांगायची मला सवय नव्हती. पण सुट्टी संपत आली होती.

"उस्ताद," मी म्हणालो, "तुम्ही पाय वर घ्याल का?"

"काय?"

"मांडी घालून बसाल का? सीटवर."

त्यांनी मला नीट निरखलं. मग चपला काढल्या, देवाचं नाव घेतलं आणि जेवायला बसावं तशी मांडी घातली. त्या दिवशी त्यांनी तंबाखू मळली नाही. एक हात दाराला होता आणि दुसरा डॅशबोर्डवर. हातगाडीशी मी फार आधी थांबलो, बकरीपाशी त्याहून आधी. फाटक तर अजून दिसतही नव्हतं, तेव्हाच थांबलो. मागची बैलगाडी आम्हाला ओलांडून पुढं गेली.

"हां," उस्ताद म्हणाले. "आता तू शिकून राह्यला."

परवाना मिळाला. परीक्षा घेणारे साहेब फक्त एवढंच म्हणाले, की थोडं जोरात चालवलंत तरी चालेल.

एजंट पुन्हा आले. या वेळी बाबांनी दुपट्टा काढताच त्यांनी आपणहून हात पुढं केला आणि दोन बोटं दाबली. काय समजून दाबली ते त्यांनाच ठाऊक. शिकाऊचा जादा आकार दाखल्यामुळं आणि परवान्यामुळं आपोआपच उतरणार होता. पण बाबांनी गावभर सांगितलं, की कंपनीचा छापेल भाव आपण दुपट्ट्याखाली पाडला. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मागं वांग्यांच्या टोपल्या, मेथीच्या जुड्या आणि माझी पुस्तकं होती. बाबा शेजारी बसले, माल उतरवायला. गावाबाहेर पहिलं वळण आलं, तसा त्यांनी उजवा पाय पत्र्यावर जोरात दाबला. तिथं काहीच नव्हतं. पुढं म्हैस आली, पुन्हा दाबला. मलकापूर येईपर्यंत ते असेच रिकाम्या पत्र्यावर ब्रेक लावत राहिले, आणि मी माझा लावत राहिलो.

त्यांना मी पाय वर घ्या म्हणालो नाही. कॉलेजची घंटा व्हायच्या आत आम्ही पोचलो.