सुई टोचल्याचं मी सांगितलं नाही

"सिस्टर, तुमची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलीय," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. म्हणजे हिपॅटायटिस बी. रक्तातून पसरणारी, यकृताला सूज आणणारी कावीळ. बारा वर्षं मी असे रिपोर्ट दुसऱ्यांच्या हातात देत आले होते.

मी जिंतूर भागातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. पंधरा दिवस अन्नाचा वास नको झाला होता. लघवी गडद व्हायची, जिना चढताना पाय गळायचे. मी त्याला थकवा समजत होते.

तीन महिन्यांपूर्वी सुई टोचली होती. कामाची सलग दुसरी पाळी, वॉर्डात मी एकटी, सुया टाकायचा डबा तोंडापर्यंत भरलेला. दाबून आत घालताना एक सुई अंगठ्यात घुसली. हात धुतला आणि कामाला लागले. सांगितलं असतं तर "लक्ष कुठं होतं?" एवढंच ऐकायला मिळालं असतं. या काविळीच्या लशीच्या तीन डोसांपैकी एकच घेतला होता, पुढचे राहूनच गेले.

परभणीला ॲडमिट झाले. रोज सकाळी रक्त काढायचे, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं प्रमाण, मोजायला. आकडा वाढतच होता.

चौथ्या दिवशी सुमनमावशी भेटायला आल्या. त्या वालूरच्या. आमच्याकडे वॉर्ड झाडायच्या, कचऱ्याच्या पिशव्या उचलायच्या. त्यांना बघून मी उठून बसले. दोनदा त्या रक्ताळलेलं बोट घेऊन माझ्याकडे आल्या होत्या आणि मी मान वर न करता म्हणाले होते, "साबणानं धुवा, काही होत नाही."

"मावशी, आजच रक्त तपासून घ्या."

"मला काय झालंय? जरा पोट फुगल्यावानी वाटायलंय, बस."

तपासणीत त्यांनाही हिपॅटायटिस बी निघाला, आणि यकृत आकसून गेलं होतं. सिरॉसिस म्हणतात त्याला. डॉक्टरांनी विचारलं, "आजवर किती सुया टोचल्या?"

"मोजतंय कोण साहेब? पिशवीतच असत्यात की."

"त्यांना नेमकी कोणत्या सुईनं लागण झाली, ते आता सांगता येणार नाही," डॉक्टर मला म्हणाले. त्यानं माझं ओझं हलकं झालं नाही.

सहा महिन्यांनी माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मावशी त्याआधीच गेल्या. शेवटी भेटले तेव्हा पोट पाण्यानं तटतटलं होतं. मी रडत म्हणाले, "मावशी, मी तुमच्याकडं लक्ष दिलं न्हाई."

"तुमी बोलला तरी," त्या म्हणाल्या. "बाकीचे बगत बी नव्हते."

दवाखान्यात काम करणाऱ्यांनो, सुई टोचली की हात धुवा आणि त्याच दिवशी सांगा. पहिल्या चोवीस तासांत उपाय होऊ शकतो. आणि कुणी बोट घेऊन तुमच्याकडे आलं, तर हातातलं काम थांबवा.

मावशींच्या जागी आता रेखा आहे. तिचे तीनही डोस मी स्वतः उभं राहून पूर्ण करून घेतले. तिसऱ्या डोसानंतर दंड चोळत तिनं विचारलं, "बाई, आता भ्या न्हाई ना?"

"आहे," मी म्हणाले. "ही लस एकाच आजाराची आहे. सुई टोचली की आधी मला सांग."