सोमवारची कडू कॉफी

ऑर्व्हिल टेश आमच्या पंपघरावर एकवीस वर्षं होता. विस्कॉन्सिनमधलं आमचं नदीकाठचं गाव त्याच्या हातचं पाणी प्यायचं, आणि त्याला कुणी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्याच्या तोंडावर कुऱ्हाडीचा दांडा मारणारा मी, गस्ट रेमर, गावचा खाटीक.

१९५३ साली नगरमंडळानं पाण्यात फ्लोराइड घालायचं ठरवलं. पोरांचे दात किडणार नाहीत म्हणे! माझं डोकंच फिरलं. उंदराचं विष, कम्युनिस्टांचा कावा, जे पत्रक हाती येईल ते मी मटणाच्या पुडक्यात घालून देत होतो. शाळेतल्या सभेत ऑर्व्हिल उठला आणि हळूच म्हणाला, "गस्ट, तुझ्या सासऱ्यानं आयरीनला लग्नात काय दिलं रे?"

सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाआधी मुलीचे सगळे दात उपटून कवळी बसवून द्यायची आमच्याकडची रीत, म्हणजे नवऱ्याला पुढे दातांच्या डॉक्टरचा ताप नको. माझी बायको आयरीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

"लेकीचेही तसेच उपटणार का?" त्यानं विचारलं. मी धावून गेलो. चौघांनी मला धरलं म्हणून तो वाचला.

मग पेपरात छापून आलं: सोमवारपासून फ्लोराइड सुरू. सोमवारी सकाळी माझी कॉफी कडू लागली. शेजारणीचे कपडे धुऊन पिवळे पडले, कुणाचा तरी काचेच्या भांड्यातला मासा मेला. दहाच्या सुमारास आम्ही नऊजण पंपघराच्या दारात उभे होतो.

ऑर्व्हिलनं दार अडवलं. "अरे, ते मशीन अजून आलेलंच नाही! आत आहे ते क्लोरीनचं. त्याला हात लावू नका, मराल!"

"खोटारड्या! मग माझी कॉफी कडू कशी?"

"बायकोला विचार. उकळली असेल तिनं जास्त."

मागून कुणीतरी हसलं. ते हसू मला झोंबलं. मी हातातल्या कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. त्याचे पुढचे दात फरशीवर टणटण वाजत पडले. त्याला तुडवून आम्ही आत घुसलो आणि माझ्या तिसऱ्या घावाला त्या मशीनची नळी तुटली.

हिरवट-पिवळा वायू भसकन अंगावर आला. बाकीचे पळाले. मी गुडघ्यांवर कोसळलो. श्वास घेतला की छाती आतून सोलून निघत होती. तेवढ्यात ऑर्व्हिल आला. पंपघरात विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा एकच होता. तो त्यानं माझ्या तोंडावर चढवला, रक्त थुंकत "सरक, मूर्खा!" म्हणाला, मला दाराबाहेर लोटलं आणि सिलिंडर बंद करायला उघड्या तोंडानं परत आत गेला.

तो अकरा दिवस जगला. त्याला बोलता येत नव्हतं. पोलिसांना आम्ही नऊजणांनी एकच सांगितलं, नळी जुनी होती, आपोआप फुटली. त्याच्या अंत्यविधीच्या जेवणाला हॅम माझ्याच दुकानातून गेलं. लाज मला तेव्हाही वाटली, पण तोंड उघडलं नाही.

फ्लोराइडचं मशीन पुढच्या महिन्यात आलं आणि खोकं न उघडताच परत गेलं. फ्लोराइडवर गावात मतदान झालं, त्यात आम्ही जिंकलो. मीही विरोधातच फुली मारली. नाहीतर त्याला कशासाठी मारलं, हे स्वतःला काय सांगणार होतो?

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. दात सगळेच किडलेले. तिला डॉक्टरकडे मीच नेलं आणि बाहेर बाकावर बसलो. आत पत्र्याच्या ताटलीत एकेक दात पडत होता. तो आवाज मी ओळखला.