फक्त टोक राहिलंय

“उद्या या, फक्त काजं-बटणं राहिलीत,” हे शिंपीदादांनी तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. बहुतेक वेळा तेव्हा कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसायची.

मग काचेने मनगट कापलं आणि आतली नस तुटली. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला सुई कळेनाशी झाली. डॉक्टरांनी नस जोडली, ती पुन्हा वाढावी म्हणून दादांच्याच चरबीतून काढलेल्या मूळपेशी तिथे सोडल्या. उपचार नवा होता, अजून चाचणीतला. त्याला दीड वर्ष झालं. दुकान तेव्हापासून बंद होतं.

आजही डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि केसासारखी बारीक तार हातात घेतली.

“कळतंय?”

“हो, बोटाच्या टोकाला.”

“काका, मी अजून तार टेकवलीच नाही.”

सोबत आलेल्या दादांच्या बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, इथे तरी खरं बोला! हे काय गिऱ्हाईक आहे वाटेला लावायला?”

डॉक्टरांनी मग खरोखर तार टेकवली. दादा मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिले. त्यांना काहीच कळलं नाही.

“सुई हातात कधी धरीन, तेवढं सांगा,” त्यांनी विचारलं.

डॉक्टर कागद चाळू लागले. “नस वाढतेय. आता फक्त टोक राहिलंय. पुढच्या महिन्यात या.”

दादांनी डोळे उघडले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत नव्हते. मापाची पट्टी गुंडाळताना दादाही गिऱ्हाइकाकडे कधी बघत नसत.

ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.