दक्षिणेची भिंत

२००६ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, आणि पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या देशात, रोटोटुनाला मुलाच्या घरामागे, जूनच्या म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या गारठ्यात, दक्षिणेच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलेला... उन्हाची वाट बघत. नात खिडकीतून ओरडायची, "आजोबा, इट्स फ्रीझिंग!" मी म्हणायचो, "येईल. थांब जरा."

का येणार नाही? लहानपणी थंडीच्या दिवसांत आमच्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीवर सूर्य दिवसभर रेलून असायचा. भिंतीकडे तोंड करून आई मला बसवायची, पाठीला तिळाचं तेल चोळायची — तेलाचा वास, शेजारी वाळणाऱ्या गोवऱ्यांचा वास, तापल्या मातीचा वास, आणि पाठीवर तिचा खरबरीत तळवा अन् ऊन, दोन्हींची ऊब एकच... दुसरीतच शाळा सुटली माझी, पण ऊन कुठून येतं हे मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं.

शिकवायला निघाली विहीणबाई! सून मेक्सिकोची, तिची आई तिकडच्या डोंगरातल्या नाहुआ लोकांतली, आमच्याच छपराखाली मुक्कामाला. सकाळी उत्तरेच्या अंगणात मक्याची कणसं सोलत बसायची, अन् मी खुर्ची घेऊन निघालो की खुदकन हसायची. ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

एका संध्याकाळी जेवताना तिनं टेबलावर मक्याचे चार दाणे चौकोनात मांडले, मधे पाचवा. मुलगा सांगू लागला, "बाबा, ही सूर्याची चार टोकं. उन्हाळ्या-हिवाळ्यात उगवायची दोन, मावळायची दोन. वर्षभर तो यांच्यातच फिरतो. मधला दाणा म्हणजे आपण."

"मी काय काल जन्मलो? सांग तिला!"

ती काहीतरी पुटपुटली. मुलगा अडखळला. "त्या म्हणतात, त्यांच्या गावीही थंडीत ऊन दक्षिणेकडूनच येतं. इथे आल्या तेव्हा त्याही तुमच्याच भिंतीशी बसल्या होत्या. टोकं इथेही चारच... फक्त सूर्य घराच्या दुसऱ्या, उत्तरेच्या अंगानं जातो."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? नुसती दात काढत होती!"

"बाबा, तुम्ही बोलू देता का कुणाला?"

मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची उचलली, उत्तरेला नेली. विहीणबाई आधीच बसलेली. तिच्याकडे ढुंकूनही न बघता, भिंतीकडे तोंड करून बसलो.

पाठीवर ऊन आलं... नुसतंच ऊन, आईचा तळवा नाही.